घारपुरेजी आणि तळातले मासे

घारपुरेजींचं वजन मला अजून आठवतं. डायलिसिससाठी आत जाण्याआधी प्रत्येकाला काट्यावर उभं करतात आणि सिस्टर आकडा मोठ्याने सांगते, म्हणजे टेबलावरची दुसरी सिस्टर तो लिहून घेते. त्यामुळे बाहेरच्या हॉलमध्ये बसणाऱ्या सगळ्यांना सगळ्यांची वजनं ठाऊक असायची. घारपुरेजी एकसष्ट, साडेएकसष्ट असे असायचे. आकडा ऐकला की ते हात वर करायचे. "सिस्टर, रुको. जेब में चाबी है." मग किल्ल्या, पाकीट, चष्म्याची डबी असं एकेक बाहेर काढून ते पुन्हा काट्यावर चढायचे. मागे रांग थांबून राहायची. कोणी कुरकुर करायचं नाही. तिथे कोणालाच कुठे लवकर पोचायचं नसायचं.

मी बाबांना घेऊन जायचे. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी साडेसात. माझी नोकरी विजय नगरमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होती आणि बाबांच्या किडन्या गेल्यावर मी त्यांना जळगावहून इंदूरला आणलं होतं. आई आधीच गेली होती. बाबा आत चार तास मशीनला लागलेले असायचे आणि मी बाहेर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेली असायचे. त्या दीड-दोन वर्षांतलं मला फारसं काही आठवत नाही. बाबांकडे मी रोज बघत असणारच, पण काय दिसायचं ते विचारलं तर सांगता येत नाही. घारपुरेजी मात्र नीट आठवतात.

सत्तरीचे होते. उंच, वाकलेले, इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट. डाव्या हातावर, जिथे सुया टोचतात तिथे, दोरखंडासारखी फुगलेली शीर. तो हात ते नेहमी पोटाशी धरून ठेवायचे. पणजोबा संस्थानच्या दफ्तरात कारकून होते म्हणून घराणं इंदूरला आलेलं. स्वतः घारपुरेजी एका कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये सहायक होते. "तीन पिढ्यांनी कागद सांभाळले, मी बाटल्या सांभाळल्या," असं सांगायचे. त्यांचं मराठी ऐकून पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं. "बेटा, तू ज्या खुर्चीवर बसून राहिली आहेस ना, तिचा पाय ढिला आहे. मतलब, पडशील." मी त्यांना काका म्हटलं तर म्हणाले, "काका नको. इथे सगळेच काका आहेत, कोणाला बुलावलं ते कळत नाही." मग मीही इतरांसारखं घारपुरेजी म्हणायला लागले. ते मला 'जळगाव' म्हणायचे. "ए जळगाव, इकडे ये." बाबांना पाटीलजी. बाबांना त्याआधी कोणी पाटीलजी म्हटलं नव्हतं. त्यांना ते आवडलं असावं, बोलले मात्र कधीच नाहीत.

हॉलच्या भिंतीला लागून चार फुटी फिश टँक होता. रुग्णांच्या घरच्यांचं मन रमावं म्हणून कोणीतरी दिलेला. वर एंजल, मॉली, लाल-निळ्या पट्टीचे टेट्रा. तळाशी बोटाच्या दोन पेरांएवढे मिशीवाले मासे. टँक साफ करायला महिन्यातून एकदा येणारा माणूस त्यांना 'कोरी' म्हणायचा. ते दिवसभर खडीत तोंड खुपसून फिरायचे. आणि मरायचे. वरचे मासे ठणठणीत, मॉलींना तर पिल्लं होत होती. तळातले तेवढे मरायचे. टँकवाला नवे आणून सोडायचा, महिनाभरात तेही जायचे.

इतरांच्या हे लक्षातही आलं नव्हतं. घारपुरेजी पाऊण तास आधी येऊन टँकसमोर बसायचे, त्यामुळे त्यांच्या आलं. त्यांनी सिस्टरला विचारलं.

"अंकल, मछली है. मरती है," सिस्टर म्हणाली.

"मरती है, पता है. नीचे की ही क्यों मरती है?"

सिस्टर हसून आत गेली. घारपुरेजी हसले नाहीत. त्यांनी स्वतःच्या एका जुन्या क्रिएटिनिनच्या रिपोर्टची मागची बाजू काढली आणि त्यावर तारीख टाकून लिहिलं : कोरी पाच. तीन डाव्या कोपऱ्यात, दोन पंपापाशी.

मग त्यांनी मला कामाला लावलं. ते आत मशीनला असायचे तेव्हा दर अर्ध्या तासाने मी टँकशी जाऊन बघायचं आणि आत जाऊन त्यांना सांगायचं. पहिल्या वेळी मी सांगितलं, "एक जण आजारी वाटतोय."

"वाटतंय ते ठेव बाजूला. दिसलं काय?"

"एका जागी बसलाय."

"कल्ले?"

"जोरात हलतायत."

"मिनिटाला किती?"

मी परत गेले आणि घड्याळ लावून मोजलं. त्यांच्या कॉलेजच्या लॅबमध्येही परीक्षेच्या दिवशी मुलं त्यांच्याकडे हळूच येऊन विचारायची, बाटलीत कुठला क्षार आहे ते सांगा ना सर. ते म्हणायचे, सांगतो, पण आधी तुला काय दिसलं ते तू सांग. रंग सांग, वास सांग, आच दिल्यावर काय झालं ते सांग. एवढं सांगेपर्यंत मुलाला उत्तर आलेलं असायचं. "छत्तीस वर्षांत मी एकालाही उत्तर सांगितलं नाही," असं म्हणायचे, "आणि सगळे म्हणत राहिले की घारपुरे सर उत्तर सांगतात."

मला ते मोजणं बरं वाटायचं. काय वाटतं ते कोणी विचारत नव्हतं. दिसलं तेवढं सांगायचं होतं.

त्यांचा पहिला तर्क चुकला. टँकवाला साफसफाई झाल्यावर मूठभर मीठ टाकायचा, रोग नको म्हणून. घारपुरेजींनी ते पाहिलं. या मिशीवाल्यांना बाकीच्या माशांसारखे खवले नसतात, त्यांना मीठ सोसत नाही, असं त्यांनी कुठूनतरी वाचून आणलं होतं. टँकवाला स्टुलावर उभा राहून पाण्यात हात घालत होता. भरल्या हॉलमध्ये ते त्याला म्हणाले, "तुम मार रहे हो इनको. अपने हाथ से." त्या बिचाऱ्याने स्टुलावरून उतरून हात पुसले. पुढच्या वेळी त्याने मीठ टाकलं नाही.

त्यानंतरच्या चार आठवड्यांत आणखी दोन कोरी मेले.

टँकवाला पुन्हा आला त्या दिवशी घारपुरेजी काट्याच्या रांगेतून बाहेर आले आणि त्याच्यासमोर उभे राहिले. "उस दिन सबके सामने बोला था, इसलिए आज भी सबके सामने बोल रहा हूं. नमक से नहीं मर रहे थे. गलती मेरी थी." टँकवाल्याच्या हातातून पाणी ठिबकत होतं. "अरे अंकल, छोड़ो ना," तो म्हणाला. घारपुरेजींनी उत्तराची वाट पाहिली नाही. रांगेत त्यांची जागा गेली होती, ते शेवटी जाऊन उभे राहिले.

मग त्यांनी मेलेले मासे मागायला सुरुवात केली. सफाई करणारी बाई नाक मुरडून टिशूवर ठेवून आणून द्यायची. ते खिशातलं भिंग काढून बघायचे. एका सोमवारी त्यांनी मला हाक मारली.

"ए जळगाव. याच्या मिशा बघ."

मिशा नव्हत्याच. आखूड खुंट होते, टोकं पांढरी.

"आता जिवंत कोरी बघून ये."

टँकमध्ये तेव्हा दोनच उरले होते. एकाच्या मिशा अर्ध्या झडलेल्या होत्या, दुसऱ्याच्या दोऱ्यासारख्या बारीक आणि लांब.

"मिशा म्हणजे त्याची बोटं. बोटांनी चाचपडून तो खाणं शोधतो," घारपुरेजी म्हणाले. "बोटं जळली आहेत. मतलब, जिथे तो बोटं घालतो तिथे काहीतरी आहे. पाण्यात नाही, खडीत."

त्या दिवशी त्यांना रांगेत हाक आली तरी ते उठले नाहीत. सिस्टरला बाहेर यावं लागलं.

बुधवारी त्यांनी तिच्याकडून सलाइनची एक न वापरलेली नळी मागून घेतली. ती पाण्याने भरली, एक टोक टँकच्या मागच्या कोपऱ्यात, शोभेच्या मातीच्या किल्ल्यामागच्या खडीत खुपसलं, आणि दुसरं माझ्या हातातल्या बाटलीत सोडलं. आधी स्वच्छ पाणी आलं. मग काळं. आणि वास आला, सडक्या अंड्यांचा. हॉलमधल्या लोकांनी नाकाला रुमाल लावले. घारपुरेजींनी बाटली नाकाशी नेऊन दीर्घ श्वास घेतला. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"किपचं उपकरण!" ते म्हणाले. लॅबमध्ये हाच वायू तयार करायचं ते काचेचं उपकरण असतं, नोकरीभर ते त्यांच्याच ताब्यात होतं. खडीच्या आत काहीतरी सडत होतं. तिथे हवा पोचत नव्हती, म्हणून तळाशी हा वायू धरत होता. वरच्या माशांपर्यंत तो जायचा नाही, वाटेतच विरायचा. खडीत तोंड घालणाऱ्याला मात्र सरळ लागायचा.

"पण सडतंय काय?" मी विचारलं.

त्यांनी बाटली टिशूवर रिती केली. पिवळट लगदा उरला आणि त्यात तीन-चार चपट्या पांढऱ्या बिया.

"फिश फूड असेल," मी म्हटलं.

 त्यांनी एक बी तळहातावर घेतली. "ही मगज आहे. खरबुजाची बी. माशांच्या खाण्यात मगज कोण घालतं? मगज लाडवात घालतात."

कोणाच्या लाडवात, ते पुढच्या बुधवारी दिसलं. सरोजबाई आमच्याच वेळेला यायच्या, आपल्या काजलला घेऊन. काजल बावीस वर्षांची होती, कॉलेज अर्ध्यावर सुटलेलं, डायलिसिससाठी मानेत नळी बसवलेली. दर बुधवारी सरोजबाई पहाटे खजरान्याला गणपतीला जायच्या आणि तिथून प्रसादाचा लाडू घेऊन यायच्या. काजलला लाडू चालत नव्हता. ती आत गेली की त्या टँकच्या मागच्या कोपऱ्याशी उभ्या राहायच्या. 'मछलियों को कुछ न खिलाएं' अशी पाटी होती, म्हणून हॉलकडे पाठ करायच्या. लाडू बोटांनी कुस्करून पाण्यात सोडायच्या, डोळे मिटायच्या आणि खुर्चीवर येऊन बसायच्या. वरचे मासे थोडं खायचे, बाकीचं किल्ल्यामागे खडीत उतरायचं.

मी उठले. घारपुरेजींनी माझं मनगट धरलं. "बैस."

"पण सांगायला नको?"

"बैस, म्हटलं ना."

दोन बुधवार त्यांनी काहीच केलं नाही. नुसते बघत राहिले. तिसऱ्या बुधवारी सरोजबाई टँकशी गेल्या तेव्हा ते त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि उजवा हात पुढे केला.

"बहनजी, मछलियां तो बहुत खा चुकीं. थोड़ा मुझे भी दे दो."

सरोजबाई दचकल्या, ओशाळल्या. लाडू मुठीत लपवावा की द्यावा ते त्यांना कळेना. मग त्यांनी अख्खा लाडू त्यांच्या हातावर ठेवला. घारपुरेजींनी त्यातला चिमूटभर तोंडात टाकला, उरलेला रुमालात बांधला. ते देवळात जाणाऱ्यांतले नव्हते. वीस वर्षं डायबेटिस होता. तेव्हापासून दर बुधवारी सरोजबाई टँकशी न जाता लाडू घेऊन त्यांच्याकडे यायच्या. सिस्टर ओरडायची, "अंकल, शुगर!" ते म्हणायचे, "चुटकी भर है. लिख लो."

मी त्यांना विचारलं, "तुम्ही त्यांना खरं का नाही सांगितलं?"

"तिने विचारलं कुठे?" ते म्हणाले.

टँकवाल्याने सगळी खडी बाहेर काढून धुतली. सहा नवे कोरी सोडले. महिना गेला, दुसरा गेला, सहाच्या सहा खडीत तोंड घालून फिरत राहिले. घारपुरेजींनी कागदावर शेवटची नोंद केली आणि कागद घडी करून खिशात घातला. मला वाटलं, काहीतरी बोलतील. त्यांनी विचारलं, आज पाटीलजींचं प्रेशर किती होतं.

एकदा मी त्यांना त्यांच्या किडन्या कशाने गेल्या ते विचारलं होतं. "फाइलवर लिहिलं आहे, कारण अज्ञात," ते म्हणाले. "डायबेटिस आहे, पण त्याने गेल्या नाहीत म्हणे, प्रेशरनेही नाही. तीन डॉक्टरांना विचारलं. तिसरा बोलला, घारपुरेजी, अब उससे क्या फर्क पड़ता है." मग टँककडे बघून म्हणाले, "फरक काहीच पडत नाही, बरोबर आहे त्याचं. पण माहीत असावं."

थंडीत एका शुक्रवारी काजलच्या बेडवर एक अनोळखी माणूस होता. तिथे असंच कळायचं. कोणी काही सांगायचं नाही, बेडवर दुसरं कोणी दिसायचं. बाबांनी त्या बेडकडे एकदा पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. मी बाहेर येऊन लॅपटॉप उघडला. घारपुरेजींनी सिस्टरला विचारलं, काय झालं. सिस्टर म्हणाली, "बस, अंकल." चार तास संपल्यावर त्यांना चक्कर येत होती, तरी ते घरी गेले नाहीत. डॉक्टर राउंडहून यायला दीड तास लागला. तेवढा वेळ ते हॉलमध्ये भिंतीला टेकून बसले होते. मग आत गेले आणि पाच मिनिटांनी बाहेर आले. मी त्यांच्याबरोबर रिक्षापर्यंत गेले. काय कळलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी, बुधवारी, सरोजबाई आल्या. एकट्या. नेहमीच्या वेळेला, नेहमीच्या खुर्चीवर बसल्या. हातात प्रसादाची पुडी होती. हॉलमधले लोक मोबाइलमध्ये बघायला लागले. घारपुरेजी उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसले. मी पलीकडच्या खुर्चीवर होते. बऱ्याच वेळाने सरोजबाई बोलल्या. आवाज अगदी साधा होता, बसची वेळ विचारावी तसा.

"भाईसाहब, एक बात पूछूं? वो नीचे वाली मछलियां मेरे लड्डू से मरती थीं क्या?"

मी लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत राहिले. नाही म्हणा, असं मला वाटत होतं. एक शब्द होता, नाही म्हटलं असतं तर काय बिघडणार होतं.

"हां," घारपुरेजी म्हणाले. "लड्डू से मरती थीं. नीचे जाकर सड़ता था. आपको पता नहीं था."

सरोजबाईंनी मान हलवली. पुडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाल्या, "इतनी जानें गईं मेरे हाथ से. तभी तो."

"नहीं."

"भगवान के नाम पे..."

"बहनजी, मेरी तरफ देखो. काजल को खून में इन्फेक्शन हुआ था. गर्दन की नली से गया. मैंने सिस्टर से पूछा, फिर डॉक्टर से पूछा, फिर उसी से दोबारा पूछा. मछली का इसमें कुछ नहीं है. लड्डू का कुछ नहीं है. आपका कुछ नहीं है."

"पक्का?"

"पक्का. मछली वाली बात में मैंने झूठ बोला क्या?"

"नहीं."

"तो फिर."

सरोजबाई रडल्या नाहीत. पुडी सोडून त्यांनी लाडू घारपुरेजींच्या हातावर ठेवला. त्या दिवशी घारपुरेजींनी चिमूट घेतली नाही. अख्खा लाडू, सावकाश, सगळा खाल्ला. सरोजबाई बघत होत्या. लाडू संपल्यावर त्या उठल्या, पदर सारखा केला आणि गेल्या. पुन्हा आल्या नाहीत. घारपुरेजींना काट्यावर बोलावलं. सिस्टरने आकडा सांगितला. मला ऑफिसमधून एक मेल आला होता, मी त्याला उत्तर दिलं.

त्या पावसाळ्यात बाबा गेले. त्याबद्दल इथे लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही. युनिटमध्ये मी त्यांची फाइल आणायला एकदाच गेले, तीही मंगळवारी, म्हणजे ओळखीचं कोणी भेटणार नाही.

नंतर घारपुरेजी मला एकदाच दिसले. बाबांच्या दाखल्याच्या प्रती काढायला मी स्कूटीवरून निघाले होते. लालबाग राजवाड्याच्या फाटकापाशी सिग्नल लागला. मैदानात कसलीतरी जत्रा होती, गर्दी होती. पलीकडच्या फुटपाथवर घारपुरेजी उभे होते. डायलिसिसचा दिवस नव्हता. पांढरा बुशशर्ट पँटमध्ये खोचलेला आणि पायात काळे, पॉलिश केलेले बूट. युनिटच्या नियमामुळे तिथे सगळे चपलांतच असायचे, त्यांना बुटांत मी कधी पाहिलं नव्हतं. ते मला उंच वाटले. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण बाबांच्या बेडवर दुसरं कोणी दिसल्यावर त्यांना कळलंच असणार. हाक मारली की ते विचारणार, पाटीलजींना काय झालं होतं. मला ते सांगता आलं असतं, सगळे शब्द माझ्याकडे होते.

मी हाक मारली नाही. त्यांनी पिशवी फुटपाथवर ठेवली, वाकले, आणि डावा हात जपत एका बुटाची सुटलेली नाडी बांधायला लागले. मध्ये सिटी बस येऊन थांबली. बस गेली तेव्हा ते दुसरी नाडीही सोडून नव्याने बांधत होते. सिग्नल सुटला, मागच्याने हॉर्न दिला, आणि मी निघाले.